दोन बादल्या पाणी

गेल्या दिवाळीत गावी गेलो होतो. गाव म्हणजे पिशोर. कन्नड तालुक्यातलं, अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळचं. शेतात मका, कापूस आणि अलीकडे आलं (आमच्याकडे त्याला अद्रकच म्हणतात). तिथं जाऊन मी काय करतो? खातो, झोपतो आणि घरातल्या वादांत दोन्ही बाजूंना मान डोलावतो. या खेपेचा वाद होता तिसऱ्या बोअरचा.

शेतात एक विहीर आहे, आबांनी तरुणपणी खोदलेली. शिवाय दोन बोअर. त्यातला एक पहिल्या दिवसापासून कोरडा. दुसरा दोन वर्षं चालला आणि मग गचके देत थांबला. दादाचं म्हणणं, अजून एक घेऊन बघू, या वेळी पाचशे फुटांपर्यंत जाऊ. पाणाड्या तळहातावर नारळ धरून शेतभर फिरून गेला होता, जागासुद्धा ठरली होती. आबांना हे पटत नव्हतं, पण का पटत नाही ते त्यांना नीट सांगता येत नव्हतं. मला तर त्यातलं काहीच कळत नव्हतं. मी पुण्यात संगणकापुढे बसून पोट भरणारा माणूस, मी काय सांगणार?

या सगळ्या गदारोळात आमचा पुतण्या (इयत्ता सातवी) ओट्यावर बसून शांतपणे मोबाईलमध्ये खोदत होता.

ज्यांच्या घरात या वयाचं पोर नाही त्यांच्यासाठी सांगतो. 'माइनक्राफ्ट' नावाचा एक गेम आहे. सगळं जग चौकोनी ठोकळ्यांचं. माती खणायची, दगड फोडायचा, झाडं तोडायची आणि त्यातून घर, किल्ला, वाटेल ते उभं करायचं. दिसायला अगदी साधा, पण पोरं त्यात तासन्‌तास हरवतात. मी आधी नेहमीचा मोठ्या माणसांचा शहाणपणा करून पाहिला. "अरे, बाहेर एवढं रान पडलंय आणि तू मोबाईलमध्ये कसली माती खणतोस?" त्यानं मान वर न करता उत्तर दिलं, "काका, बाहेर काही सापडत नाही."

बरोबरच होतं त्याचं. बाहेर काय सापडणार? ढेकळं.

थोड्या वेळानं तोच ओरडला, "काका, हे बघा, जिओड!" बघितलं तर जमिनीखाली एक गोल पोकळी. बाहेरून काळपट दगडाचं कवच, त्याच्या आत पांढरा थर आणि सगळ्यात आत जांभळे स्फटिक लखलखत होते. मी सहज विचारलं, हे थर कसले? त्यानं धडाधड सांगितलं, "बाहेर बसाल्ट, मग कॅल्साइट, आत अ‍ॅमेथिस्ट. याची आणि तांब्याची दुर्बीण करता येते."

मी उडालोच. बसाल्ट, कॅल्साइट, अ‍ॅमेथिस्ट! हे शब्द मी कॉलेजात असताना एका मित्राच्या तोंडून ऐकले होते. तो भूगर्भशास्त्र शिकत होता आणि सुट्टीत आमच्याकडे आला की विहिरींच्या बाजूचे दगड फोडत बसायचा. गाव त्याला वेडा समजायचं. पिशवीभर दगड घेऊन जाणारा पाहुणा दुसरा कोण असणार?

म्हटलं, चल माझ्याबरोबर.

आमच्या बांधाला लागून शेजाऱ्यांनी उन्हाळ्यात विहीर खोदली होती. यारीनं वर काढलेल्या दगडांचा ढिगारा अजून तसाच पडलेला. त्यातला एक फुटका, छिद्राछिद्रांचा दगड उचलला आणि हातोडीनं फोडला. पहिल्यात काही नाही. दुसऱ्यात नाही. पाचव्या-सहाव्या दगडात लिंबाएवढी पोकळी निघाली आणि तिच्या भिंतींवर पांढरे, किंचित गुलाबीसर स्फटिक. पोरानं दगड उन्हात धरला आणि त्याचा श्वास अडकला. मग म्हणाला, "पण जांभळे नाहीत." :)

घरी आणून आम्ही त्याची परीक्षा घेतली. चाकूच्या टोकानं एका पांढऱ्या खड्याची जराशी पूड केली आणि त्यावर लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे आले. हे कॅल्साइट. दुसऱ्या खड्यावर लिंबाचा काहीच परिणाम नाही. तिसरा काचेवर ओढला तर काचेवर चरा पडला. ती गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ. अ‍ॅमेथिस्ट हे त्याचंच जांभळं भावंड. क्वार्ट्झमध्ये किंचित लोह असेल आणि खडकातल्या नैसर्गिक किरणोत्साराचा त्यावर दीर्घकाळ परिणाम झाला असेल, तर तो रंग चढतो.

आणि मग त्यानं तो प्रश्न विचारला. "काका, गेममध्ये बसाल्ट लाव्हापासून होतो. म्हणजे इथं लाव्हा होता?"

आता गंमत बघा. "दख्खनचं पठार लाव्हारसापासून तयार झाले आहे" हे वाक्य या पोरानं भूगोलाच्या पुस्तकात वाचलेलं होतं. रिकाम्या जागा भरा मध्ये त्याचा मार्कही मिळवलेला होता. पण ते वाक्य म्हणजे आपल्या पायाखालची जमीन, हे त्याला एका खेळानं सांगितलं. स्वीडनमधल्या कंपनीनं केलेल्या खेळानं!

मग मी मला माहीत होतं तेवढं सांगितलं. साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी इथं जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. एकावर एक थर साचत गेले. आज उरलेला त्याचा पसारा पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले, भाकरीला जाळी पडावी तसे. पुढे त्या पोकळ्यांतून खनिजं विरघळलेलं गरम पाणी झिरपत राहिलं आणि स्फटिक वाढत गेले. आपल्याकडे त्यांचा क्रम गेमसारखा ठरलेला नसतो, कुठे क्वार्ट्झ, कुठे कॅल्साइट, कुठे झिओलाइट. पण गोष्ट तीच. नाशिक, जळगाव, पुणे, संभाजीनगर या भागांतले असे नमुने जगभरच्या संग्रहालयांत आहेत. सिन्नरला तर 'गारगोटी' नावाचं अख्खं संग्रहालयच आहे. आणि आम्ही? आम्ही ते विहिरीच्या बाजूला टाकून देतो, नाहीतर रस्त्याच्या भरावात घालतो.

माइनक्राफ्टमध्ये हे जिओड २०२१ साली आले. करणाऱ्यांना काय हो, कुठल्याही रंगीत ठोकळ्यात कुठलंही रत्न लपवता आलं असतं. खेळणाऱ्यानं तक्रार केली नसती. पण कुणीतरी निसर्गात काय घडतं ते पाहिलं आणि त्यातलं थोडं उचललं. त्या थोडक्यानं काय केलं? एका पोराला त्याच्याच शेजारच्या बांधापर्यंत चालत नेलं.

तर सांगायचा मुद्दा असा, की खेळांच्या जगात खरं विज्ञान घातलं तर ते जग रुक्ष होत नाही. उलट ते जास्त खोल होतं. आणि त्या खोलीतून बाहेर यायला एक दारही राहतं.

आता तुम्ही म्हणाल, खेळ म्हणजे खेळ. त्यात अभ्यास घुसवलात की पोरं पळतील. अगदी मान्य. "शैक्षणिक गेम" म्हणून जे काही शाळांच्या गळ्यात मारलं जातं ते मी पाहिलंय. गणित सोडवा, मग माकड उडी मारेल. असल्या माकडाचा पोरांना पहिल्या दिवशीच कंटाळा येतो. मी म्हणतोय ते वेगळं. विज्ञान प्रश्नपत्रिका म्हणून नको, त्या जगाचा कायदा म्हणून हवं. 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' हा मेक्सिकोत तयार झालेला, २०१५ साली पूर्ण रूपात आलेला गेम घ्या. त्यात अग्निबाण बनवायचे आणि उडवायचे. धडा म्हणून कुणी काही शिकवत नाही, फक्त गुरुत्वाकर्षण फसवू देत नाही. पुढच्या यानाला गाठायचं असेल तर वेग वाढवून भागत नाही, आधी खालच्या कक्षेत उतरावं लागतं, हे तिथं दहा यानं फुकट घालवल्यावर कळतं. २०२३ मध्ये चांद्रयान-३ पृथ्वीभोवती फेऱ्या घालत टप्प्याटप्प्यानं कक्षा वाढवत होतं, तेव्हा "सरळ का जात नाही?" असं आम्ही मोठी माणसं विचारत होतो. माझ्या मित्राच्या मुलीनं चहा पिता पिता आम्हाला समजावून सांगितलं. शाळेत नव्हती शिकली ती हे. गेममध्ये आपटून शिकली होती.

आपल्या मराठीत ही चर्चा नवी नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावानं विज्ञानकथा पाठवली आणि पुढे आयुष्यभर हा आग्रह धरला, की कथेतलं विज्ञान नुसतं सजावटीला नसावं, ते काढून घेतलं तर कथा कोसळली पाहिजे. हीच कसोटी खेळांना लावून बघा. विज्ञान काढलं तर खेळ तसाच राहतो का? राहत असेल तर ते रंगकाम होतं. कोसळत असेल तर तो पाया होता.

अर्थात माइनक्राफ्टही सगळीकडे या कसोटीला उतरत नाही. झाडाचा बुंधा मधून तोडला तर वरचं झाड हवेत लटकत राहतं. वाळू खाली पडते पण दगड पडत नाही. याबद्दल माझी तक्रार नाही. खेळ करणाऱ्यानं कुठला नियम मोडायचा ते ठरवावं, फक्त मोडताना तो नियम माहीत असावा. पण एक नियम मात्र मला आमच्या ओट्यावर बसून पचेना.

झालं असं, की संध्याकाळी पुन्हा बोअरचा विषय निघाला. दादा म्हणाला, कर्ज काढू. आबा गप्प. तेवढ्यात पोरगं म्हणालं, "आबा, माझ्याकडे पाणी कधीच संपत नाही. दोन बाय दोनचा खड्डा करायचा, समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन बादल्या ओतायच्या. मग किती पण काढा, भरतंच राहतं."

सगळे हसले. आबा नाही हसले. ते म्हणाले, "आम्हीबी असंच समजत होतो बाबा."

मला ते वाक्य अजून आठवतंय. १९७२ चा दुष्काळ आबांनी पाहिला आहे, २०१२ नंतरची वर्षं मीही पाहिली आहेत. मराठवाड्यात बोअरच्या गाड्या रात्रंदिवस फिरल्या. जो तो आपल्या रानात खोल खोल जात राहिला. का? कारण डोक्यात तोच गेम होता. खाली पाणी आहेच, फक्त हात पोचला पाहिजे.

त्या रात्री मी आणि पुतण्यानं कागद घेऊन हिशेब मांडला. आमच्या भागात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस धरला तर एका एकरावर २८ लाख लिटर पाणी पडतं. ऐकायला केवढं वाटतं! पण बसाल्टच्या मुलखात त्यातलं साधारण दहा टक्क्यांच्या आसपासच जमिनीत मुरतं. म्हणजे २ लाख ८० हजार लिटर. दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर. वर्षभराचे. हे पाणी पुन्हा त्याच एकरावर पसरलं तर त्याची उंची होते ७० मिलिमीटर. पाटानं दिलेली एक पाळी. बस्स. एक एकर रान वर्षभरात जे मुरवतं ते त्याच एकराची एक पाळी देऊन संपतं.

बरं, साठवायलाही जागा कुठं आहे? वरचा मुरूम आणि मांजऱ्या खडक पाणी धरतो. पण धरतो म्हणजे किती, तर आकारमानाच्या दोन-तीन टक्के. एक मीटर जाडीच्या थरात दोन-तीन सेंटिमीटर पाणी. त्याखालचा काळा पाषाण तर ठार कोरडा, पाणी असलंच तर भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. बोअर त्या भेगेला लागला तर नशीब, नाही लागला तर पाचशे फूट धूळ. आणि पुष्कळदा लागतो तो वरच्याच पाण्याला, म्हणजे आपल्याच विहिरीच्या नाहीतर शेजाऱ्याच्या.

दादानं कागद दोनदा वाचला. काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉपवर पुतण्याला दुसरा एक गेम लावून दिला. 'टिंबरबॉर्न'. पोलंडमधल्या मंडळींचा, २०२१ मध्ये आलेला. त्यात बीव्हर नावाच्या प्राण्यांची वस्ती वसवायची. शत्रू कुणी नाही, तलवारी नाहीत. मुख्य शत्रू म्हणजे दुष्काळ. ठरावीक दिवसांनी नदीचा उगम आटतो. तोवर बंधारे घालून पाणी अडवलं असेल तर जगायचं, नाहीतर पिकं जळतात आणि बीव्हर तहानेनं मरतात. पाणी उतारानं वाहतं, साचतं, बाष्प होऊन उडतंही.

तासाभरात आतून आवाज आला. "काका, सगळे मेले."

आबा काठी टेकत त्याच्या मागे जाऊन उभे राहिले. चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बंधारा कुठं घातला होता तू?" पोरानं दाखवलं. "येडा का काय! एवढ्या खाली? वरल्या अंगाला घाल आधी. आणि एक नको, चार घाल, लहान लहान." पुढचे दोन दिवस आजोबा-नातवाची जोडी त्या लॅपटॉपपुढून हलली नाही. आयुष्यात ज्यांनी मोबाईलवर फोन उचलण्यापलीकडे काही केलं नाही, ते आमचे आबा बीव्हरांच्या पाण्याचं नियोजन करत होते. आणि मुख्य म्हणजे, बोअर का पटत नाही हे त्यांना सांगता येत नव्हतं ते आता बोट ठेवून दाखवता येत होतं. "हे बघ, वरून आलं तेवढंच खाली हाय. खाली काय येगळी नदी नाही."

मला तेव्हा वाटलं, हा गेम पोलंडमध्ये का झाला? दुष्काळाचा अनुभव आमचा, खडक आमचा आणि त्यावरचा गेम दुसऱ्यांचा. पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपन्या आहेत. तिथल्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये 'राजी' हा गेम जगभर नेला आणि त्यातल्या आपल्या पुराणकथांचं, शिल्पांचं कौतुक झालं. मलाही अभिमान वाटला. पण आपल्याकडे गेममध्ये "आपलं काहीतरी" घालायचं म्हटलं की पुराण, किल्ले, तलवारी एवढंच सुचतं. आपल्या पायाखालचा दगड आपल्याला आपला वाटत नाही का?

विचार करा. एक गेम, ज्यात तुम्हाला मराठवाड्यातलं एक गाव मिळालंय. जमिनीखाली काय आहे ते दिसत नाही. पण घाटात कापलेल्या दरडीवर थर दिसतात, मधला लाल मातीचा पट्टा दिसतो, कुठल्या विहिरीला कुठल्या खोलीवर पाझर लागला ते विचारता येतं. त्यावरून अंदाज बांधायचा. सगळ्या खेळाडूंच्या शेताखाली पाणी मात्र एकच. तुम्ही खोल गेलात की शेजारचा कोरडा पडतो आणि मग तोही खोल जातो. सगळे जिंकायला निघालेत आणि सगळे हरतायत. अशा खेळात जिंकायचं कसं?

याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं ते शोधलंय. पोपटराव पवारांच्या पुढाकारानं त्या गावानं आधी पाणी अडवलं आणि मग स्वतःवर नियम घातले. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही. ऊस-केळीसारखी जास्त पाण्याची पिकं नाहीत. दरवर्षी किती पाऊस पडला ते मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि त्याप्रमाणे पिकं ठरवायची. हे नियम मी वाचतो तेव्हा मला ती एखाद्या उत्तम खेळाची नियमावली वाटते. कुणीतरी फक्त ती पडद्यावर आणायची आहे.

खेळानं दुष्काळ हटेल असं म्हणण्याइतका मी भाबडा नाही. पाझर तलावाचा गाळ गेममध्ये निघत नाही. आणि सातवीतल्या पोराच्या हातात आम्ही लॅपटॉप ठेवू शकलो, गावातल्या बहुतेक घरांत मोबाईल आहे तोही एकच आणि तो बापाच्या खिशात, हेही खरं. पण पोरं तशीही खेळणारच आहेत. ज्या जगात ती रोज तासभर राहतात त्या जगात पाणी दोन बादल्यांत अनंत होतं की मोजून मिळतं, यानं काहीच फरक पडत नाही असं मला आता वाटत नाही. जगाबद्दलच्या आपल्या पुष्कळ समजुती कुणी शिकवलेल्या नसतात. त्या वावरून अंगवळणी पडलेल्या असतात.

असो. मी पुण्याला निघालो त्या दिवशी सकाळी पुतण्या दिसेना. शोधलं तर विहिरीवर आबांबरोबर. सुताच्या दोरीला दगड बांधून, फुटाफुटावर गाठी मारून ती खाली सोडलेली. गाठी मोजून त्यानं वहीत लिहिलं: तारीख, आणि "पाणी काठापासून १९ फूट". दर रविवारी मोजायचं असं त्या दोघांचं ठरलंय. दगड फोडून मिळालेले स्फटिक त्यानं देवघराशेजारच्या कोनाड्यात मांडलेत, वहिनीची परवानगी न घेता.

बोअरचं अजून ठरलेलं नाही. दादा म्हणाला, उन्हाळ्यापर्यंत वही बघू, मग बोलू.

परवा फोनवर विचारलं तर पोरगं म्हणालं, "काका, २६ फूट. आणि जांभळा अजून सापडला नाही."